नावाचा रकाना

रविवार, ४ सप्टेंबर

पत्र आलं! नोकरीचं!

सकाळी अकराची वेळ, क्लिनिकात बायकांची ही गर्दी, एका कानाला फोन, आणि दुसऱ्या हाताने मी मोबाइलवर पत्र वाचतेय. समोरच्या बाईंनी विचारलं, "डॉक्टर आल्या का?" मी म्हणाले, "हो, अठरा तारखेपासून." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

पगार आत्ताच्या दुपटीहून जास्त. पदाचं नाव प्रॉडक्ट डिझायनर. पहिले तीन महिने परीक्षेचे, मग कायम. नऊ वर्षं डॉ. रगदांच्या स्त्रियांच्या दवाखान्यात फोन उचलले, फाइली लावल्या, आत कुणाला पाठवायचं ते पुकारलं. त्यातलं शेवटचं वर्ष रोज जेवणं आटोपली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून शिकत बसायचे. फायेज भांडी घासता घासता माझी उजळणी घ्यायचा. त्याचंही अर्धं पत्र आहे हे.

आणि दुसरी गोष्ट. ती लिहायला हात धजत नाही.

सातवा आठवडा. सहा वर्षांनी!

लिहिलं एकदाचं. फक्त फायेजला माहीत आहे आणि डॉ. रगदांना. या पानाची दृष्ट लागू नये म्हणजे झालं.

सोमवार, ५ सप्टेंबर

डॉ. रगदांना राजीनामा दिला. चष्मा वर करून म्हणाल्या, "म्हणजे मी तुला आई करायचं, आणि तू मला सोडून जायचं?" माझा चेहरा पडला. मग स्वतःच हसल्या. "जा बाई, जा. पण तपासायला इथेच यायचं. आणि रांगेत बसायचं, बाकीच्यांसारखं."

मग दार लावून घेतलं. "कंपनीला सांगितलंस?"

"नाही."

"कायम होईपर्यंत तोंड उघडू नकोस. मी सतरा जणींच्या नोकऱ्या गेलेल्या पाहिल्यात. कागदावर कारण वेगळंच असतं."

घरी आल्यावर फायेज म्हणाला, "लपवून कशी करणार नोकरी, रुदी? पोट काय पर्समध्ये ठेवणारेस?" हा माणूस शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो. जे आहे ते मोजायचं आणि लिहायचं, एवढंच त्याला ठाऊक.

तिसरा महिना सरेपर्यंत तर आपल्यात कुणीच कुणाला सांगत नाही. तेवढा वेळ तरी मला आहे. पुढचं पुढे.

गुरुवार, ८ सप्टेंबर

खालच्या मजल्यावर जाऊन सासूबाईंना नोकरीचं सांगितलं. (दुसरं नाही!)

"तिथे काय शिवायचं असतं?"

"शिवायचं नाही, खाला. मोबाइलवरची पानं कशी दिसावीत ते ठरवायचं."

"त्यात ठरवायचं काय? चौकोनी असतात."

फायेज चहा पिता पिता हसला. सासूबाई मात्र गंभीर. "बरं, उम्म नाजी, आणि याचे पैसे देतात? बरं बरं. मग उम्म नाजी, डबा नेत जा. बाहेरचं खात जाऊ नकोस, उम्म नाजी."

नाजी माझ्या सासऱ्यांचं नाव. ते गेले, चार वर्षं झाली. आमचा पहिला मुलगा नाजीच होणार, हे आम्ही भेटण्याआधी ठरलेलं. म्हणून लग्नाच्या दिवसापासून मी उम्म नाजी, नाजीची आई. नाजीचा पत्ता नाही, पण आई तयार! सुरुवातीला लाजायचे. दुसऱ्या वर्षी हसण्यावारी न्यायचे. तिसऱ्या वर्षापासून ते नाव टाचणीसारखं लागायला लागलं. बाकीचे नातेवाईक हळूहळू रुदैना म्हणायला लागले, त्यांना कळतं. सासूबाईंना कळत नाही, नाहीतर मुद्दाम म्हणतात. आज मोजलं. अर्ध्या तासात अकरा वेळा.

इतक्या वर्षांत आज पहिल्यांदाच तेवढं लागलं नाही, हेही लिहून ठेवते.

रविवार, १८ सप्टेंबर

पहिला दिवस, आठवड्याचा आणि माझाही. अम्मानच्या सातव्या सर्कलजवळची काचेची इमारत, पाचवा मजला, जिथे बघावं तिथे खिडक्या. माझ्यावरची बाई म्हणजे सिरीन. वय एकोणतीस, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, केस कापलेले, बोलणं तुटक. शेजारी कुसै, प्रोग्राम लिहितो, दिवसभर सूर्यफुलाच्या बिया सोलतो.

कंपनीचं ॲप दवाखान्यांच्या वेळा ठरवण्यासाठी आहे. सिरीन म्हणाली, "सुंदर चित्रं काढणारे मला रोज दहा मिळतात. तू नऊ वर्षं बायकांच्या दवाखान्यात बसलीस, म्हणून तुला घेतलं." म्हणजे नऊ वर्षं वाया नाही गेली!

वेलचीची कॉफी फिरली. वासानेच पोटातलं वर आलं. नको म्हणावं तर पहिल्याच दिवशी अपमान. ॲसिडिटीचं सांगितलं. कुसैने लगेच बिया पुढे केल्या. "ॲसिडिटीला उत्तम." खाल्ल्या बापडीने.

गुरुवार, २२ सप्टेंबर

दोनदा उलटी. पाचव्या मजल्यावरचं बाथरूम मात्र फार स्वच्छ आहे.

रविवार, २ ऑक्टोबर

आज मी तोंड उघडलं, आणि सगळे ऐकत राहिले!

झालं असं. बायका ॲपवर डॉक्टर निवडतात, वार निवडतात, वेळ निवडतात, आणि नावाच्या पानावर आल्या की बंद करून जातात. शंभरातल्या चाळीस! दोन महिने हे लोक डोकं धरून बसले होते. बटण मोठं केलं, रंग बदलला, रकाने कमी केले. काही उपयोग नाही.

मी म्हणाले, "नाव पूर्ण लिहायला लावता. मग आदल्या दिवशी फोनवर आठवण येते, अमुक तमुक, उद्या दहा वाजता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. तो फोन कुठे असतो? बैठकीच्या खोलीत, चार्जरला लावलेला. वाचतो कोण? दीर."

कुसैचं बी सोलणं थांबलं. "अरे, हो."

"माझ्या क्लिनिकात मी कधीच कुणाला नावाने पुकारलं नाही. जिन्यात परके पुरुष बसलेले असायचे, बाईचं नाव त्यांच्या कानावर का घालायचं? उम्म यझन, आत या. उम्म क्रिस्टीना, तुमची फाइल. एवढंच."

सिरीन पेनचं टोपण चावत होती. म्हणाली, "मग काढून दाखव."

सोमवार, ३ ऑक्टोबर

काढलं. पानावर आधीच "उम्म" लिहिलेलं, पुढे एक रिकामा रकाना. लेकराचं नाव घातलं की पुढचं बटण उजळतं, आणि पान म्हणतं, "उम्म यझन, तुमची वाट बघतो." इतकं गोड दिसतं! नमुन्याच्या पानांवर एक खोटी पेशंट घातली आहे, तिचा आठवडा, तिची पुढची तारीख, सगळं खऱ्यासारखं.

मला हे काम आवडतं. नुसतं आवडतं नाही, भूक लागते सकाळी उठून इथे येण्याची. (भूक तशीही लागते. आज जतरचा मसाला लावलेल्या तीन मनाकीश रोट्या खाल्ल्या. फायेजच्या वाटणीची धरून.)

रविवार, १६ ऑक्टोबर

शंभरातल्या चाळीस जात होत्या, आता आठ! फक्त आठ!

कुसैने बियांची अख्खी पुडी माझ्या टेबलावर ठेवली, त्याच्याकडचा हा सगळ्यात मोठा मान. सिरीन म्हणाली, "बरं आहे." तिच्या तोंडून एवढं म्हणजे ढोल वाजवल्यासारखं.

तेरा आठवडे पूर्ण. उलट्या थांबल्या. बसमध्ये बसल्याबसल्या कारण नसताना हसू येतं. शेजारची बाई सरकून बसली.

शुक्रवार, २१ ऑक्टोबर

अजलूनला गेलो होतो, जैतुनाची फळं उतरवायला. सासूबाईंच्या माहेरची बारा झाडं. दरवर्षी शिडीवर मीच चढते, हलकी म्हणून. आज शिडी धरून उभी राहिले. सासूबाईंनी एकदा शिडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"चढत का नाहीस?"

मी फायेजकडे पाहिलं. तो झाडाकडे बघत होता, जसं काही झाडच सांगणार आहे.

"खाला, डॉक्टर नको म्हणाल्यात. चौदावा आठवडा लागलाय."

त्या खाली बसल्या. तिथेच, पसरलेल्या कापडावर, जैतुनांवर. डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर घेतलं. मला वाटलं रडतायत. टोक काढलं तर डोळे कोरडे, चेहरा लाल. "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"तुमच्या लग्नापासून."

असं कुठे असतं! मला जरा रागच आला. सहा वर्षं मी सुया टोचून घेतल्या, गोळ्या गिळल्या, दर महिन्याला बाथरूममध्ये बसून रडले, आणि यांना म्हणे माहीत होतं. पण मग त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या पायातले बूट काढले, पाय दाबले, आणि घरी येईपर्यंत मला एक जैतूनसुद्धा उचलू दिलं नाही. गाडीत माझ्या कानात म्हणाल्या, "ऑफिसात सांगू नकोस. त्या काचांच्या घरात नजरा फार."

नवं तेल आणलं. ताज्या भाकरीवर ओतून खाल्लं. घशाला चरचरतं तेच खरं.

रविवार, १३ नोव्हेंबर

सांगून टाकलं!!

सतरा आठवडे झाले. सैल कोट घालून घालून आता उकडायला लागलं होतं, हीटर लागलेत ना. फायेजचं तोंड महिनाभर चालूच होतं. सकाळी आरशात बघितलं आणि ठरवलं, बस.

सिरीनला बाजूला घेतलं. "मला तुला काही सांगायचंय."

"किती, सतरा ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

तिने माझ्याच लॅपटॉपवर माझीच नमुन्याची पानं उघडली. ती खोटी पेशंट! तीन ऑक्टोबरला तिचा अकरावा आठवडा होता. दर रविवारी मी पान उघडायचे, आणि हाताला सवय, क्लिनिकातली, की आठवडा एकाने पुढे. बारा. तेरा. चौदा. सगळ्या कंपनीला दिसत होतं. अख्ख्या पाचव्या मजल्याला! कुसै म्हणाला, "खोटे पेशंट वाढत नसतात, रुदैना. मी पाच वर्षांत एकही वाढलेला पाहिला नाही."

"मग कुणी बोललं का नाही?"

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी अम्मानची नाहीच. "तू सांगितल्याशिवाय आम्ही कसं बोलणार? काही झालं असतं तर खापर आमच्या डोक्यावर!"

हसून हसून पोट दुखलं. मग घाबरले, आणि बसले. मग परत हसले.

सोमवार, १४ नोव्हेंबर

मालकांना सांगितलं. बासेल साहेब. उभे राहिले, "माशाअल्ला, मुबारक," म्हणाले, चॉकलेटचा डबा पुढे केला. मग बसले. "एप्रिल म्हणजे... बरं. अठरा डिसेंबरला तुझे तीन महिने होतायत. तेव्हा बोलू."

"तेव्हा बोलू" म्हणजे काय?

चॉकलेट चांगलं होतं. जीव मात्र तेव्हापासून टांगणीला लागलाय.

बुधवार, २३ नोव्हेंबर

आज जे झालं ते नीट लिहायचं.

ॲप वापरून बघायला सहा बायका बोलावल्या होत्या. त्यांच्या हातात फोन द्यायचा, मी मागे बसायचं, मदत करायची नाही, बोलायचं नाही, फक्त बघायचं. पाच जणी झाल्या. झरझर, मजेत. उम्म आदम. उम्म तला. एकीने तर चौघांची नावं घालायचा प्रयत्न केला.

सहाव्या नुहाबाई. वय चाळिशीचं, नवरीचे पोशाख शिवतात, बोटांवर सुयांच्या खुणा. त्यांनी डॉक्टर निवडली, वार निवडला, वेळ निवडली. मग माझं पान आलं. "उम्म", आणि पुढे रिकामा रकाना.

त्यांचं बोट वर राहिलं. मी वाट बघितली. बोट तसंच. बटण उजळेना, कारण काही घातल्याशिवाय उजळत नाही, मीच तसं केलंय. मग त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. अगदी हळू, आवाज होऊ नये म्हणून.

"पोरी, इथे मी काय लिहू?"

आणि मी, मी! रुदैना! म्हणाले, "तुमच्या मुलाचं नाव."

त्या हसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "वीस वर्षं माणसं विचारतायत," म्हणाल्या. "आता फोनही विचारायला लागला." मग पाणी मागितलं, प्यायल्या, पर्स उचलली, मला दुवा दिली आणि गेल्या.

क्लिनिकात मी हे जाणत होते. फाइल बघूनच कळायचं. त्या बाईला मी कधीच काहीच पुकारलं नाही. उठायचे, जवळ जायचे, खांद्याला हात लावायचे, "चला, तुमची पाळी." नऊ वर्षं! आणि स्वतः इतकी वर्षं त्या टाचणीने टोचून घेतलं. दहा आठवडे, फक्त दहा आठवडे सुखात गेले, आणि सगळं विसरले? पोट भरलं आणि उपाशी माणूस दिसेनासा झाला. लाज वाटते. फार लाज वाटते.

ते आठ. शंभरातले आठ. त्यांच्याकडे बघून मी महिनाभर पेढे वाटावेत तशी हिंडत होते.

गुरुवार, २४ नोव्हेंबर

सिरीनशी भांडण.

"शंभरात आठ, रुदैना! याला यश म्हणतात. जगात कुठेही."

"त्या आठ कोण आहेत ते बघ ना! आपलं ॲप बायकांच्या दवाखान्याचं आहे. ज्यांना मूल होत नाही त्याच तर सगळ्यात जास्त येतात. महिन्याला तीनदा, चारदा. मला माहीत आहे, मी त्यांच्या फाइली लावल्यात. मी त्यांच्यात बसलेय!"

ती हळूच म्हणाली, "सहा डिसेंबरला मोठ्या रुग्णालयाचे लोक येतायत, हेच पान बघायला. अठराला तुझा निकाल. एप्रिलची रजा आधीच त्यांच्या डोक्यात आहे. अशात तू स्वतःच्या तोंडाने सांगणार, की चुकलं?"

"हो."

"मग बासेलना तूच सांग. मी नाही सांगणार."

सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे तू केलेलं तूच मोडतेस."

"हो."

"बारा दिवसांवर आलंय."

"मला चार पुरतील."

"आणि एप्रिलमध्ये तू नसणार."

"हो."

"आणखी काही राहिलंय का सांगायचं?"

"नाही. सध्या एवढंच."

त्यांनी या वेळी चॉकलेट दिलं नाही.

शुक्रवार, २५ नोव्हेंबर

घरी सांगितलं तेव्हा फायेजने गॅसवरचं दूध उतू जाऊ दिलं. "पगाराचं काय, रुदी? घर बघून ठेवलंय आपण, खोली बाळाची..." मग थांबला. बराच वेळ ओटा पुसत राहिला. "पण बरोबर आहेस तू. मला राग येतोय, पण बरोबर आहेस."

हा माणूस मला मिळाला. अल्हम्दुलिल्ला.

बुधवार, ३० नोव्हेंबर

झालं. "उम्म" काढलं. आता पान नुसतं विचारतं, "आम्ही तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" रकाना रिकामा. उम्म आदम लिहा, नुहा लिहा, बाजूच्या गल्लीतली शिंपीण लिहा. काहीच लिहू नका, तरी बटण उजळतं. मग आठवणीत फक्त वार आणि वेळ येते, बाकी काही नाही.

इतकं साधं! आणि यासाठी दोन महिने.

नुहाबाईंना फोन केला, परत येऊन बघाल का म्हणून. म्हणाल्या, "पोशाखांची घाई आहे पोरी, लग्नसराई." येतील, नाही येतील. विचारलं हे बरं केलं.

मंगळवार, ६ डिसेंबर

रुग्णालयाचे चौघे आले. सगळं मीच दाखवलं, सिरीन भिंतीला टेकून उभी. नावाच्या पानावर मोठ्या मिशांचे साहेब थांबले. "इथे उम्म का नाही घातलं? आमच्याकडे आदराने उम्मच म्हणतात."

मी म्हणाले, "घातलं होतं साहेब. मीच घातलं होतं, मीच काढलं." आणि नुहाबाईंचं सांगितलं, नाव न घेता. फोन पालथा ठेवला तेही. माझं पोट आता कोटात मावत नाही, ते घेऊनच सगळं सांगत होते.

त्यांच्याबरोबर एक मुख्य परिचारिका होत्या, तासभर एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे." बस, एवढंच. मिशांच्या साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं.

शनिवार, १० डिसेंबर

वाट बघणं. सुट्टी, आणि काही सुचत नाही. बाळ मात्र मजेत लाथा घालतंय, दुपारी हमखास, हुमूस खाल्लं की. मुलगा की मुलगी, सांगू नका म्हणून डॉ. रगदांना बजावलंय. त्या म्हणाल्या, "मी कुठे सांगतेय? तूच बघ, पडद्यावर आहे की." मी डोळे मिटून घेतले.

रविवार, १८ डिसेंबर

कायम!!!

बासेल साहेबांनी कागद पुढे सरकवला, मी सहीची जागा शोधतेय आणि डोळ्यांसमोर सगळं धूसर. नव्या पानावर शंभरातल्या तीन जातात. रुग्णालयाने होकार दिला, आणि त्यांच्या पत्रात म्हणे लिहिलंय, ज्या बाईने स्वतःची चूक सांगितली तिच्याकडेच काम ठेवा.

"एप्रिलमध्ये जा, रजा संपली की ये," बासेल म्हणाले. "खुर्ची तुझीच. फक्त ती नमुन्याची पेशंट बाळंत व्हायच्या आत तिचं काम कुसैकडे दे."

सिरीनने मला मिठी मारली. हाडं आहेत नुसती, पण घट्ट. तिने सगळ्यांसाठी गरम, पाकातला कुनाफा मागवला. कुसैने दोन खाल्ले, आणि माझ्यातला अर्धा.

फायेजला फोन केला. वर्गात होता. फोन उचलून पोरांना म्हणाला, "आज गृहपाठ नाही." पलीकडून जो ओरडा आला!

शुक्रवार, २३ डिसेंबर

सासूबाईंकडे बसून द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळत होतो, दोघीच. त्यांना ऑफिसातलं सगळं सांगितलं. नुहाबाईंचंही सांगितलं. खरं लिहायचं तर जरा मुद्दामच सांगितलं, त्यांना लागावं म्हणून. "खाला, ज्यांना मूल नाही त्यांना उम्म म्हटलं की फार लागतं."

त्या पानं गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मलाही लग्नापासून म्हणत होते. उम्म फायेज, उम्म फायेज. नऊ वर्षं फायेज नव्हता."

मला ठाऊकच नव्हतं. कुणी कधी बोललंच नाही, आणि मीही कधी हिशेब केला नाही.

"सातव्या वर्षी माझी जाऊ थांबली. मग शेजारणी. सगळ्या म्हणायच्या, बिचारीला लागत असेल. एक दिवस माझी आई आली आणि दारातून नुसती माझ्या नावाने, विदाद म्हणून हाक मारली. मला कळलं, तिनेही आशा सोडली." त्यांनी एक पान हातात घेतलं, परत ठेवलं. "उम्म फायेज ऐकून कधी रडले नाही मी. त्या दिवशी रडले. म्हणून तुझ्या वेळी ठरवलं, सगळे थांबले तरी मी थांबायचं नाही. एक दिवसही नाही."

इतकी वर्षं मी या बाईवर मनातून चिडत होते. रोज!